पहिला अर्धा तास: ऑक्सिजनचा आकडा आणि बाळाची मान

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. ही हकीकत मे महिन्यातल्या एका पहाटेची. बाळ आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या पहाटे बाविसाव्या मिनिटाला जे घडलं ते आमच्या हलगर्जीपणामुळे घडलं. ते नीट लिहून ठेवलं नाही, तर आणखी कुठल्यातरी प्रसूतिगृहात तेच पुन्हा घडेल. घरच्यांना विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

बाळंतीण २१ वर्षांची, पहिलटकरीण. ३९ आठवडे भरलेले. तपासण्या वेळेवर झालेल्या, रक्तदाब ठीक, हिमोग्लोबिन १०.४. रात्री नऊच्या सुमारास आशाताई तिला घेऊन आल्या. सोबत सासू. नवरा सुरतेला, उधन्यात लूमवर कामाला. आमच्याकडच्या कितीतरी घरांतलं एक माणूस सुरतेला असतंच, त्यामुळे बाळंतपणाची बातमी फोनवरच पोचायची याचं कुणाला नवल वाटत नाही. रात्रभर कळा चालल्या. बाहेर मध्यरात्रीही भिंती तापलेल्या होत्या, आत पंखा गरम हवाच फिरवत होता. पहाटे ३ वाजून ५२ मिनिटांनी मुलगी झाली. वजन २,८५० ग्रॅम. गर्भजल स्वच्छ. बाहेर येताच रडली, आणि चांगली खणखणीत रडली.

सिस्टरांनी तिला आईच्या पोटावर घेऊन कोरडं केलं, ओलं कापड बाजूला टाकून दुसरं कोरडं पांघरलं, टोपी घातली. नाळेचा ठोका थांबेपर्यंत आम्ही थांबलो. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "नाळ कापाना पहिले पोरले खाले धरा, मंग रगत उतरी." हा समज फक्त आजींचा नाही. बाळ खाली धरलं तर नाळेतून जास्त रक्त येतं, असं मलाही शिकवलेलं होतं. पण २०१४ साली अर्जेंटिनातल्या रुग्णालयांमध्ये हे वजनकाट्यावर तपासून झालं. नाळ कापायला दोन मिनिटं थांबलात, तर बाळ खाली धरलेलं असो की आईच्या पोटावर, नाळेतून येणाऱ्या रक्तात फरक पडत नाही. म्हणून आम्ही बाळाला आईच्या अंगावरच ठेवतो.

आमच्याकडे नवजात बाळाचा पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र, आहे. रडणाऱ्या, निरोगी बाळाला तो लावायलाच हवा असं नाही. पण त्या आठवड्यात दोन नव्या सिस्टर रुजू झाल्या होत्या, त्यांना शिकवायचं म्हणून मी लावला. उजव्या मनगटाला. उजव्याच का, ते त्यांना सांगितलं. पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक जोडरक्तवाहिनी उघडी असते, ती जन्मानंतर लगेच मिटत नाही. तिच्यातून कमी ऑक्सिजनचं रक्त खालच्या अंगाकडे मिसळतं. उजव्या हाताची रक्तवाहिनी त्या जोडाच्या आधीच वेगळी झालेली असते, त्यामुळे मेंदूला जे रक्त जातं त्याचा खरा अंदाज उजव्या हातावर मिळतो. प्रोब, म्हणजे मनगटाला लावायची पट्टी, आधी बाळाला लावायचा आणि मग केबल मशीनला जोडायची, म्हणजे आकडा लवकर येतो. वरून कापड झाकायचं, कारण वॉर्मरचा, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलाचा, उजेड त्याला फसवतो.

दुसऱ्या मिनिटाला ६६ टक्के दिसले. तिसऱ्याला ७२. नव्या सिस्टरांपैकी एकीने ऑक्सिजनच्या नळीला हात घातला. आजी वाकून बघत होत्या, त्या घाबरल्या: "हातपाय निये शेतस ना वं माय!" (निळे आहेत ना गं!)

मी सिस्टरांचा हात धरला आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. मोठ्या माणसाला ७२ म्हणजे धावपळ. तीन मिनिटांच्या बाळाला ७२ म्हणजे सगळं वेळेवर चाललं आहे. पोटात बाळ साधारण साठ टक्क्यांच्या आसपासच जगत असतं आणि मजेत वाढत असतं. बाहेर आल्यावर फुप्फुसातलं पाणी श्वासागणिक आत शोषलं जातं, हवेला जागा होते, फुप्फुसाकडे रक्त वळतं, आणि मग आकडा चढतो. पहिल्या मिनिटाला ६० ते ६५, दुसऱ्याला ६५ ते ७०, तिसऱ्याला ७० ते ७५, चौथ्याला ७५ ते ८०, पाचव्याला ८० ते ८५, आणि दहाव्या मिनिटाला ८५ ते ९५. हे कोष्टक आमच्या वॉर्मरवर चिकटवलेलं आहे, पण घाबरलेल्या माणसाचे डोळे तिकडे जात नाहीत. तळहात-तळपाय निळसर असणं पहिला दिवसभर चालतं. बघायची ती जीभ आणि ओठांची आतली बाजू. आमच्याकडच्या सावळ्या बाळांमध्ये तर त्वचेवर अजिबात विसंबू नये. तिची जीभ गुलाबी होती, ठोके १५०, रडणं चालू. ऑक्सिजन दिला नाही. पाचव्या मिनिटाला ८३, सातव्याला ८९, दहाव्याला ९३.

इथपर्यंत सगळं नमुनेदार झालं, आणि त्याच आनंदात मी प्रोब काढला.

पुढच्या बारा मिनिटांचा हिशेब आम्ही नंतर चौघींनी बसून, एकमेकींना विचारत मांडला. बाळ आईच्या छातीवर पालथं, अंगाला अंग लावून. ते योग्यच होतं. आई मात्र प्रसूतीच्या टेबलावर सपाट उताणी होती. टेबलाचा पाठ उचलणारा स्क्रू दोन महिन्यांपासून अडकलेला. मला माहीत होतं. तक्रार लिहिली होती, पण पाठपुरावा केला नव्हता, आणि उशा रचून काम भागलं असतं ते सुचलं नव्हतं. थोरल्या सिस्टर टाके घालत होत्या. मी शेजारच्या टेबलावर प्रसूतीची नोंद लिहीत होते. दोन नव्या सिस्टर वार आणि साहित्य आवरत होत्या. खोलीत चार प्रशिक्षित बायका होत्या आणि बाळाकडे बघणारी एकही नव्हती. आजींनी नातीच्या अंगावर आपल्या लुगड्याचा पदर डोक्यापर्यंत ओढला होता, मायेनेच. आणि आईने उजव्या हातात फोन धरला होता. सुरतेहून व्हिडिओ कॉल होता.

नवऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. तो हसत होता, मागे लूमचा खडखडाट. "तोंड दाखव ना तिनं," तो म्हणाला. आईने फोन खाली वळवला. थोडा वेळ गेला. मग तो म्हणाला, "अशी कशी दिखी ऱ्हायनी? तोंड कोठे शे तिनं?" (अशी कशी दिसते आहे? तोंड कुठे आहे तिचं?)

या वाक्याला मी पेन टाकून उठले. आजही ते वाक्य माझ्या कानात आहे. अडीचशे किलोमीटरच्या आसपास लांब असलेल्या बापाला जे दिसलं, ते चार पावलांवर मला दिसलं नव्हतं.

पदर बाजूला केला. बाळाचं नाक आणि तोंड आईच्या स्तनात दबलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, हात लोंबलेला. छाती हलत नव्हती. उचलली तर अंग सैल. ओठ जांभळे, जीभही. वेळ ४ वाजून १४ मिनिटं, म्हणजे जन्मानंतर बाविसावं मिनिट.

आजी ओरडल्या, "पाय धरीसन उलटी करा!"

केलं ते इतकंच: दोन पावलांवर वॉर्मर होता, तिथे उताणं ठेवलं, खांद्याखाली कापडाची घडी सरकवली, मान किंचित मागे घेतली, इतकी की नाक छताकडे होईल. पाठ दोनदा चोळली. बॅग आणि मास्क सिस्टरांनी आणून माझ्या हातात दिलाच होता, मास्क चेहऱ्यावर टेकवण्याआधी तिने एक मोठा श्वास ओढला, मग दुसरा, मग रडली. प्रोब लागला तेव्हा ७८. ठोके ११२. काही सेकंदांत ८६. दोन मिनिटं व्हायच्या आत ९४. ऑक्सिजनची नळी आम्ही उघडलीसुद्धा नाही. श्वास आला नसता तर बॅगने साध्या हवेचा दाब दिला असता. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात हवेनेच करायची असते, शंभर टक्के ऑक्सिजनने नाही. पण ती वेळ आली नाही.

मान सरळ झाली, नाक मोकळं झालं आणि आकडा चढला. पाठ दोनदा चोळण्यापलीकडे दुसरं काहीच केलेलं नव्हतं.

नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा भाग. त्यातही मागची बाजू फुगीर. सपाट जागेवर उताणं ठेवलं तरी त्या फुगवट्यामुळे हनुवटी छातीकडे झुकते. मान आखूड, तिचे स्नायू कच्चे. श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद आणि मऊ. पाण्याच्या ओल्या रबरी नळीला घडी पडली की धार थांबते, तसंच हे. मान जास्त मागे ताणली तरी घडी पडते, हे नव्या सिस्टरांना पटायला वेळ लागला. जीभ मोठी, आणि श्वास प्रामुख्याने नाकाने. नाक दबलं तर तोंडाने श्वास घेण्याची युक्ती त्याला लगेच साधत नाही. मोठं माणूस झोपेत गुदमरलं तर मान वळवतं, हात मारतं. इतक्या लहान बाळाला ते जमेलच असं नाही. आणि साठा तोकडा: वजनाच्या हिशेबाने बाळ आपल्या साधारण दुप्पट ऑक्सिजन वापरतं, म्हणून वाट बंद झाली की आकडा घसरायला वेळ लागत नाही. त्यात जन्माच्या धक्क्याने आलेली पहिली तरतरी ओसरून बाळ पेंगायला लागतं, त्याच वेळी आपणही सैलावतो.

निरोगी जन्मलेलं बाळ पहिल्या आठवड्यात असं अचानक कोसळण्याला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आणि वेगळा अभ्यास आहे. अशा घटनांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या दोन तासांत होतात. पहिलटकरीण, थकलेली आई, सपाट झोपलेली, बाळ पालथं छातीवर, चेहरा झाकलेला, लक्ष ठेवणारं कुणी नाही, हातात फोन: अभ्यासांमध्ये जी कारणं पुन्हा पुन्हा येतात, ती सगळी त्या पहाटे आमच्या एका खोलीत जमलेली होती. आमची मुलगी कोसळण्याच्या उंबरठ्यावरून परत आली. आणखी दोन-तीन मिनिटांनी काय झालं असतं, ते मी लिहीत नाही.

आजींच्या उलटं धरण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यांनी ते दुष्टपणे सांगितलं नव्हतं. "आमना टाइमले दाई उलटीच धरे," त्या नंतर म्हणाल्या, आणि त्यांची स्वतःची तीन मुलं तशीच रडती झाली होती. मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं, की छातीतलं पाणी तोंडावाटे सांडत नाही, ते श्वास घेतल्यावर आतल्या आत जिरतं, वावरात पाणी जिरतं तसं. उलटं धरल्याने ते बाहेर येत नाही, डोक्याकडे मात्र रक्ताचा दाब वाढतो, आणि ओलं बाळ हातातून निसटतं. आजी गप्प ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, पदर त्यांनी ओढला म्हणून झालं का. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते मला पटकन कळलं नाही. नातीला थंडी वाजू नये म्हणून पदर ओढणाऱ्या बाईला दोष देऊन मी मोकळी झाले असते, तर ते खोटं ठरलं असतं. मी म्हटलं, आजी, बघायचं काम आमचं होतं.

बाळ सावरलं म्हणून प्रकरण तिथेच मिटवायचं नव्हतं. श्वास थांबण्यामागे मान दबणं हेच एक कारण आहे, असं आपण गृहीत धरू शकत नाही. जंतुसंसर्ग, साखर कमी होणं, हृदयाचा दोष, झटके, हे सगळं वगळावं लागतं. साखर ५८ होती, काखेतलं तापमान ३६.५. उजव्या हातावर ९७, पायावर ९६. धडधड नियमित, छातीत कुरकुर नाही. बालरोगतज्ज्ञांना फोन केला, आणि २४ तास निरीक्षणासाठी जिल्ह्याच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात पाठवायचं ठरलं. आजींना वाटलं आम्ही काहीतरी लपवतो आहोत: पोर तर आता रडते आहे, दूध ओढते आहे, मग जळगावला कशाला? तासभर समजावण्यात गेला. शेवटी सुरतेच्या बापानेच फोनवर सांगितलं, जाऊ द्या.

१०२ च्या गाडीत बाळाला पुन्हा आईच्या छातीवरच ठेवलं. नव्या सिस्टर दचकल्या: जिथे एवढं झालं, तिथेच परत? पण दोष अंगाला अंग लावण्यात नव्हता. त्याने बाळ उबदार राहतं, साखर टिकते, श्वास आणि ठोके स्थिर राहतात, दूध लवकर सुरू होतं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळाला असं छातीशी ठेवायची कांगारू पद्धत सुरू झाली, ती इनक्युबेटर, म्हणजे बाळाला उबेत ठेवायच्या पेट्या, अपुऱ्या पडत होत्या म्हणून. आज ती उत्तम सोय म्हणून जगभर वापरली जाते. आमच्या मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीतल्या पेटीपेक्षा मला आईची छाती जास्त भरवशाची वाटली. बदललं ते बसणं. आई पाठीला उशा लावून तिरपी, बाळ उभं, स्तनांच्या मधोमध, डोकं एका कुशीला वळवलेलं, मान सरळ, नाक-तोंड उघडं, पांघरूण फक्त खांद्यापर्यंत. उजव्या मनगटावर प्रोब. समोर थोरल्या सिस्टर, त्यांचं काम एकच, चेहऱ्याकडे बघत राहायचं. रस्ताभर आकडा ९४ ते ९८.

जिल्ह्याला सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. दुसऱ्या दिवशी मायलेकी परत आल्या. परत आल्यावर नव्या सिस्टरांपैकी धाकटी एक प्रश्न घेऊन आली. तिकडच्या कक्षात तिने एक कमी दिवसांचं बाळ पालथं ठेवलेलं पाहिलं होतं, आणि त्याचा आकडा उताण्यापेक्षा चांगला होता. मग आपण पालथं घालू नका का सांगतो?

तिचं निरीक्षण खरं होतं. कमी दिवसांच्या, धाप लागलेल्या बाळाला पालथं ठेवलं तर ऑक्सिजन थोडा सुधारतो. त्यांच्या फासळ्या मऊ असतात, श्वास घेताना छाती आत खेचली जाते आणि पोट वर येतं, पालथं केलं की छाती गादीवर टेकून स्थिर होते आणि छाती-पोट एका लयीत हलू लागतात. पण तिथे मनगटावर प्रोब आहे, समोर मॉनिटर आहे, परिचारिका आहे. तीच स्थिती घरच्या खाटेवर, रात्री, कुणी न बघता दिली तर जीव जाऊ शकतो. म्हणून घरी उताणंच. आणि कूस बदलल्याने नेहमी फायदा होतो असंही नाही. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर उताणं ठेवायचं की डाव्या कुशीवर, याची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. पाचव्या मिनिटाच्या आकड्यात फरक निघाला नाही. मला त्यातून कळलं ते हे, की पाठ की कूस यावर आपण जितकी चर्चा करतो, त्याच्या निम्मी तरी नाक मोकळं आहे का यावर करायला हवी.

आमच्या खोलीत काय बदललं, तर टेबलाचा स्क्रू त्याच आठवड्यात गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दुरुस्त करून घेतला. पाठ आता तिरपी होते. प्रत्येक प्रसूतीला एकीचं नाव फळ्यावर लिहितो, पहिले दोन तास बाळाचा चेहरा तिचा, त्या वेळात ती रजिस्टरला हात लावत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी रंग, श्वास, मान बघून खूण करते. फोन बंद केला नाही. सुरतेच्या, पुण्याच्या, नाशिकच्या बापाला पोराचं तोंड बघायचा हक्क आहे. फोन आता सोबतच्या बाईच्या हातात असतो, आणि सिस्टर स्वतः कॅमेरा चेहऱ्यावर धरायला लावतात.

घरच्या सवयींचं काम मात्र एका आठवड्यात होणारं नव्हतं. आशाताईंच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या गृहभेटी असतात. तिसऱ्या दिवशी त्यांना बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी दिसली, डोकं गोल व्हावं म्हणून. पूर्वीपासूनची चाल आहे, पण उताण्या बाळाच्या डोक्याखाली उशी म्हणजे मान पुढे, पुन्हा तीच घडी. आशाताईंनी आजींना त्यांच्याच हाताने उशी काढून बाळाच्या छातीकडे बघायला लावलं. श्वास खोल झालेला आजींनाच दिसला. त्या उशीवर नंतर देवाचा दिवा ठेवला जातो, असं कळलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात दीड महिन्याच्या लशींना मायलेकी आल्या. वजन ४ किलो १०० ग्रॅम. आवाजाकडे बघते, हसते. पालथं घातल्यावर क्षणभर डोकं उचलते. आईने विचारलं की कापसाची निंदणी सुरू झाली आहे, पोरीला वावरात नेलं तर चालेल का. बांधावरच्या निंबाला झोळी बांधणार होती. झोळीत बाळ कमानीसारखं वाकतं आणि हनुवटी पुन्हा छातीला लागते, शिवाय कापडाने चेहरा झाकला जातो. मजुरी सोडा, असं मी तिला सांगू शकत नव्हते. आम्ही दोघींनी मिळून कागदावर पर्याय काढला: झोळीऐवजी सावलीत जमिनीवर घट्ट सपाट सतरंजी, बाळ उताणं, चेहरा उघडा, मुंग्यांपासून वाचवायला बाजूने मच्छरदाणी, आणि आजी शेजारी बसलेल्या. आजी म्हणाल्या, त्या बसतील. पुढच्या गुरुवारी आशाताई त्या वावरात जाऊन बघून येणार आहेत.